कापसाच्या वर्षातली शाळा: अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यातील शिक्षिकेचं आयुष्य कसं उभं करावं

साधारण १९०० ते १९३० या काळातली, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या एखाद्या खेड्यातली शिक्षिका. तिच्यावर कथा, नाटक, अनुवाद किंवा शोधनिबंध लिहायला जे पहिल्यांदाच बसत आहेत त्यांच्यासाठी हा लेख आहे. मराठीत पहिली चूक नावातच होते. ‘दक्षिण अमेरिका’ लिहिलं की वाचक थेट ब्राझीलला पोचतो. आपल्याला हवा आहे तो व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंतचा, १८६५ पर्यंत गुलामी चाललेला पट्टा. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केलं, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. त्या मुक्त झालेल्यांच्या नातवंडांना पुढे कोणी शिकवलं, किती पगारावर आणि कसल्या छपराखाली, तिथून आपला विषय सुरू होतो.

पहिलं काम: काउंटी, साल आणि रंग ठरवा

या तीन गोष्टी ठरल्याशिवाय एक ओळही लिहू नका. ‘दक्षिणेतली शिक्षिका’ असं काही सरसकट नसतं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका-जिल्हा यांच्या मधला प्रशासकीय घटक. शाळेचा पैसा, नेमणूक, तपासणी सगळं तिथून चालायचं. लुइझियानात काउंटी नसते, तिथे ‘पॅरिश’ म्हणतात. पॅरिश म्हणजे चर्चचा परगणा समजून केलेले अनुवाद साफ फसतात.

रंगाची गोष्ट, म्हणजे शिक्षिका गोरी की कृष्णवर्णीय, टाळता येत नाही. १८९६ सालच्या प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गोऱ्या आणि कृष्णवर्णीयांसाठी ‘वेगळे पण समान’ हे तत्त्व मान्य केलं. शाळा वेगळ्या राहिल्या, समान कधीच नव्हत्या. ही असमानता आपोआप आली नाही, ती आकडेमोडीतून घडवली गेली. अलाबामाचं उदाहरण घ्या. राज्य सरकार काउंटीला शाळेच्या वयाच्या मुलांच्या संख्येवर पैसे द्यायचं आणि त्या संख्येत कृष्णवर्णीय मुलंही धरलेली असायची. १८९१ च्या कायद्याने तो पैसा कसा वाटायचा हे स्थानिक अधिकाऱ्यांच्या मर्जीवर सोडलं. त्यामुळे ज्या काउंटीत कृष्णवर्णीय मुलं जास्त, तिथल्या थोड्या गोऱ्या मुलांच्या वाट्याला सगळ्यात जास्त पैसा येऊ लागला. तुमच्या गोष्टीतली शाळा गरीब असेल तर ती कशामुळे गरीब आहे हे या वाटपातून दाखवा. ‘गाव गरीब होतं’ एवढं लिहून भागत नाही.

दुसरं काम: भिंतीवरचं कॅलेंडर बाजूला ठेवा, कापसाचं लावा

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे पटकन समजेल. दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात लागवड एप्रिलच्या सुमारास होई. मे-जूनमध्ये रोपं विरळ करणं आणि खुरपणी. जुलैच्या मध्याला शेवटची डवरणी आटोपली की बोंडं फुटेपर्यंत शेतात फारसं काम उरत नसे. मग सप्टेंबरपासून वेचणी, ती नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत लांबायची. शाळा या कामांच्या फटींत बसवलेली असायची: डिसेंबर ते मार्च हिवाळी सत्र आणि काही ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये सहा-आठ आठवड्यांचं उन्हाळी सत्र. ऑक्टोबरच्या एखाद्या सकाळी कृष्णवर्णीय वाटेकऱ्यांची दहा-बारा वर्षांची मुलं वर्गात खच्चून बसलेली दाखवलीत, तर जाणकार वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

मूल शेतात का गेलं, याला आईबापांचं अज्ञान हे उत्तर देऊ नका. अर्ध्या वाट्याने जमीन कसणाऱ्या कुटुंबाचं देणं मालकाच्या वहीत असे आणि हिशेब पिकावर होई. मालकाने मुलांना वेचणीला बोलावलं तर नाही म्हणायची सोय नव्हती. सक्तीच्या शिक्षणाचा कायदा देशात सर्वांत शेवटी मिसिसिपीत झाला, १९१८ साली. पण कापूसपट्ट्यात, विशेषतः कृष्णवर्णीय मुलांच्या बाबतीत, तो बहुधा कागदावरच राहिला.

हे कॅलेंडर सगळीकडे लावू नका. केंटकीच्या डोंगराळ भागात हिवाळ्यात ओढे आणि वाटा बंद पडत, म्हणून शाळा जुलै-ऑगस्टलाच सुरू होऊन वर्षअखेर संपायची. दक्षिण लुइझियानात उसाचा गाळप हंगाम असतो, तो ऑक्टोबर ते डिसेंबर.

तिसरं काम: तिला नोकरी कशी मिळाली ते कागदावर मांडा

क्रम साधारण असा. मुलगी आठवीपर्यंत किंवा थोडी पुढे शिकलेली, वय सोळा ते वीस. काउंटीच्या परीक्षेला बसायची. विषय: शब्दलेखन, वाचन, हस्ताक्षर, अंकगणित, व्याकरण, भूगोल, देशाचा आणि राज्याचा इतिहास, शरीरशास्त्र व आरोग्य, आणि अध्यापनपद्धती. शरीरशास्त्रात दारू-तंबाखूचे दुष्परिणाम हा भाग असायचाच, कारण दारूबंदी चळवळीने तो राज्याराज्यांत कायद्याने घालून घेतला होता. उत्तीर्ण झाल्यावर पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या श्रेणीचं सर्टिफिकेट मिळे.

इथे अनुवादकांनी जपावं. ‘थर्ड ग्रेड सर्टिफिकेट’ म्हणजे तिसरी पास नव्हे. ते अध्यापनाच्या परवान्यातलं सगळ्यात खालचं सर्टिफिकेट. त्याची मुदत लवकर संपायची आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागायची. तसंच ‘नॉर्मल स्कूल’ म्हणजे ‘सामान्य शाळा’ नव्हे, अध्यापक विद्यालय. इंग्रजी अमदानीत आपल्याकडेही हाच शब्द चालायचा, तो तसाच ठेवला तर उत्तम.

परवाना हातात आला की गावच्या ट्रस्टींना भेटायचं. ट्रस्टी म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेचा कारभार पाहणारी दोन-तीन स्थानिक माणसं. करार एका सत्राचा असे. त्यात पगार, महिने आणि सुरुवातीची तारीख एवढंच लिहिलेलं असतं. चुलीला लाकूड कोण देणार, झाडलोट कोण करणार, विद्यार्थी घटले तर पगार कापणार का, हे लिहिलेलं नसेल तर भुर्दंड शिक्षिकेवर पडायचा. बऱ्याच ठिकाणी लग्न झालेल्या बाईला ठेवत नसत, म्हणून सत्र संपताना नोकरी आणि लग्न यांतलं एक निवडावं लागे.

कृष्णवर्णीय मुलीची वाट आणखी अरुंद होती. अनेक काउंट्यांत तिच्यासाठी सरकारी हायस्कूलच नव्हतं. ती शिकायची ती हॅम्प्टन, टस्कीगी किंवा चार्ल्सटनच्या एव्हरी नॉर्मल इन्स्टिट्यूटसारख्या खाजगी वा मिशनच्या संस्थांत. शहरात जागा मिळेलच असंही नाही. चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत १९२० पर्यंत कृष्णवर्णीय शिक्षकांना नेमतच नसत, कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांतही नाही.

पगार: एक खरा आकडा दहा अंदाजांपेक्षा बरा

एव्हरीतून बाहेर पडलेल्या अठरा वर्षांच्या सेप्टिमा पॉइनसेट (पुढे नागरी हक्क चळवळीतल्या सेप्टिमा क्लार्क) १९१६ साली साउथ कॅरोलिनातल्या जॉन्स बेटावर प्रॉमिस लँड शाळेत रुजू झाल्या. शिक्षिका दोन, मुलं १३२. त्या मुख्याध्यापिकाही होत्या आणि पगार महिना ३५ डॉलर. जवळच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत मुलं तीन आणि शिक्षिकेला ८५ डॉलर. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून भागाकार करा. एका मुलामागे दुसरीकडे २८ डॉलर पडतात. प्रॉमिस लँडला दोघींचा पगार मिळूनही जेमतेम अर्धा डॉलर पडतो.

पगार महिन्याचा असला तरी वर्षाचा धरायचा नाही. पाच महिन्यांचं सत्र असेल तर ३५ गुणिले ५, म्हणजे १७५ डॉलर. त्यातून राहण्या-जेवणाचे पैसे जायचे. काउंटीच्या तिजोरीत रोकड नसली की ‘वॉरंट’ नावाचा कागद मिळे. दुकानदार तो दर्शनी किमतीपेक्षा कमीत घ्यायचा. उरलेले महिने ती शिवणकाम करी, माहेरच्या शेतात राबे किंवा उन्हाळी प्रशिक्षणाला जाई, तेही बहुधा स्वतःच्या खर्चाने.

मुक्काम आणि संबोधनं

शिक्षिकेला घर नसायचं. ती एखाद्या कुटुंबात ‘बोर्डर’ म्हणून राहायची. अनेकदा त्या घरच्या मुलींबरोबर एकाच पलंगावर झोपायची. त्यामुळे एकांत नाही, पत्र आलं तरी गावाला कळतं, आणि ज्या घरी जेवते त्याच घरच्या मुलाला शिक्षा करायची वेळ येते. नाट्य हवं असेल तर ते इथे भरपूर आहे.

संबोधनांकडे मराठी लेखकाने विशेष लक्ष द्यावं, कारण आपल्या भाषेत ‘अगं’ आणि ‘अहो’ यांतला फरक वाक्यावाक्यात उघडा पडतो. मुलं आणि पालक शिक्षिकेला ‘मिस’ लावून तिचं पहिलं नाव घेत: मिस सेप्टिमा. पण गोरा अधिकारी कृष्णवर्णीय शिक्षिकेला ‘मिस’ किंवा ‘मिसेस’ लावत नसे, नुसतं पहिलं नाव घेई. ती मात्र त्याला ‘सर’ म्हणे. म्हणजे मराठीत सुपरिंटेंडंट, काउंटीचा शाळा-अधिकारी, गोऱ्या शिक्षिकेशी ‘अहो’ने बोलेल आणि दुप्पट वयाच्या कृष्णवर्णीय शिक्षिकेला ‘अगं’ म्हणेल. अनुवादात सौजन्याखातर दोघींना ‘अहो’ केलंत तर त्या काळाचा अपमान तुम्ही पुसून टाकता.

इमारत: कुठली भिंत, कुठली खिडकी

कृष्णवर्णीय मुलांच्या जुन्या शाळा बहुतेक चर्चमध्ये, पडीक खोपटात किंवा एखाद्या संघटनेच्या सभागृहात भरत. बाकांना पाठ नसे, फळा म्हणजे काळ्या रंगात रंगवलेल्या फळ्या. १९१३ नंतर चित्र काही ठिकाणी बदललं. टस्कीगीचे कृष्णवर्णीय प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या आग्रहावरून, टपालाने माल विकणाऱ्या सीअर्स कंपनीचे प्रमुख ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी शाळा बांधायला पैसे दिले. पहिली शाळा अलाबामाच्या ली काउंटीत, लोचापोकाजवळ. तिचा खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. त्यात रोझेनवाल्ड यांचे ३००, स्थानिक गोऱ्या लोकांचे ३६०, कृष्णवर्णीय गावकऱ्यांनी जमिनीसाठी जमवलेले १५० आणि त्यांच्याच अंगमेहनतीचे धरलेले १३२ डॉलर ५० सेंट. १९३२ पर्यंत या योजनेत १५ राज्यांत ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या, शिवाय २१७ शिक्षक-निवास आणि १६३ कार्यशाळा.

अटी कडक होत्या: किमान दोन एकर जागा, म्हणजे ८० गुंठे, सत्र किमान पाच महिन्यांचं, मुलामुलींसाठी वेगळी शौचालयं, आणि जमिनीचं खरेदीखत सरकारी शाळाखात्याच्या नावे. शेवटची अट नीट समजून घ्या. गावाने कर भरलेलाच असे, वर वर्गणी काढून जमीन घेतली आणि ती सरकारच्या नावे करून दिली. एकाच शाळेसाठी लोकांनी दोनदा पैसे मोजले.

नकाशा असा की वर्गाच्या मोठ्या खिडक्या एकाच भिंतीला, ओळीने, पूर्वेला किंवा पश्चिमेला. जागेचं तोंड जिकडे असेल त्याप्रमाणे वेगळा आराखडा मिळायचा. मुलं अशी बसत की उजेड डाव्या खांद्यावरून येईल आणि उजव्या हाताची सावली वहीवर पडणार नाही. वीज नव्हती, त्यामुळे सगळा दिवस या खिडक्यांवर चालायचा. भिंती फिकट राखाडी किंवा पिवळसर, छत मलईच्या रंगाचं, खालच्या लाकडी पट्ट्या गडद तपकिरी. नेपथ्य करताना चारही भिंतींना खिडक्या लावू नका.

एक दिवस, घड्याळाप्रमाणे

शाळा नऊ ते चार. दुपारची एक तास सुट्टी आणि १५-१५ मिनिटांच्या दोन छोट्या सुट्ट्या वजा केल्या की ३३० मिनिटं उरतात. एका खोलीत सात इयत्ता आणि प्रत्येकीचे चार विषय धरले तर २८ पाठ. प्रत्येकाला बारा मिनिटंसुद्धा येत नाहीत. आपल्याकडच्या एकशिक्षकी शाळेत शिकवलेल्यांना ही कसरत सांगायला नको.

म्हणून पद्धत ठरलेली असे. एक इयत्ता पुढच्या बाकावर येऊन पाठ म्हणून दाखवते, बाकीच्या आपापल्या जागी वाचतात वा गणितं करतात. छोट्यांना सकाळी आधी घ्यायचं, कारण दुपारी ती पेंगतात. इतिहास-भूगोलाला दोन इयत्ता जोडायच्या. सहावी-सातवीतली मुलगी पहिलीचं शब्दलेखन ऐकते. पुस्तकं पालकांनी विकत घ्यायची असत, त्यामुळे एकाच इयत्तेत तीन वेगळी वाचनपुस्तकं निघत आणि जोडलेला पाठ पुन्हा फुटे. निळ्या पुठ्ठ्याचं वेबस्टरचं शब्दलेखनाचं पुस्तक आजोबांपासून नातवापर्यंत चाललेलं असे, म्हणून तेच बहुतेकांकडे सापडायचं.

शिक्षिका तासभर आधी येऊन चूल पेटवी. ओलं लाकूड आलं की खोली धुराने भरे आणि ऊब येईतो दहा वाजत. चुलीजवळची मुलं भाजून निघत, भिंतीकडची काकडत, म्हणून दर पाठाला जागा बदलायच्या. पाणी विहिरीचं किंवा झऱ्याचं, एका बादलीत, आणि सगळ्यांना एकच ओगराळं. एकाला घटसर्प झाला की तो पसरायला एवढं पुरे.

शाळेबाहेरची शाळा

हुकवर्म समजून घेतल्याशिवाय या वर्गातली सुस्त, फिकट मुलं समजत नाहीत. विष्ठेने दूषित मातीतून अनवाणी पायांत शिरणाऱ्या या जंतामुळे रक्त कमी होतं. गावोगाव त्याला आळस म्हणत. १९०९ ते १९१४ या काळात रॉकफेलर सॅनिटरी कमिशनने अकरा राज्यांत मोहीम काढली, तेव्हा तपासलेल्या शाळकरी मुलांपैकी सुमारे ४० टक्के बाधित निघाली. उपचार म्हणजे थायमॉल आणि जुलाबाचं मीठ. त्या दिवशी स्निग्ध पदार्थ आणि दारू वर्ज्य, कारण त्यांनी थायमॉल अंगात शोषलं जाऊन विषबाधा होई. असा नियम घरोघर पोचवायला शिक्षिकेपेक्षा चांगलं माणूस गावात मिळणं कठीण होतं. शौचालयाच्या खड्ड्याचा आग्रहही म्हणूनच.

पैसा जमवायला ‘बॉक्स सपर’ असे. मुली सजवलेल्या खोक्यात जेवण आणत, खोक्यांचा लिलाव होई आणि आलेल्या पैशांतून खडू, काचा, चुलीचं नळकांडं घेतलं जाई.

दोन नावं इथे हवीतच. व्हर्जिनियाच्या हेन्रिको काउंटीतल्या व्हर्जिनिया रँडॉल्फ १९०८ साली पहिल्या ‘जीन्स शिक्षिका’ झाल्या. ॲना जीन्स यांच्या दहा लाख डॉलरच्या देणगीतून १९०७ साली उभ्या राहिलेल्या निधीने त्यांचा पगार दिला. काम एका शाळेचं नव्हे, काउंटीतल्या सगळ्या कृष्णवर्णीय शाळांत फिरून शिवण, बागकाम, स्वच्छता आणि गावसभा बसवण्याचं. आणि केंटकीच्या रोवन काउंटीतल्या कोरा विल्सन स्ट्युअर्ट यांनी ५ सप्टेंबर १९११ रोजी प्रौढांसाठी रात्रशाळा उघडली. दीडशे येतील असा अंदाज होता, बाराशे आले. वाटा खडकाळ असल्याने चांदणं असेल त्या रात्री वर्ग भरत, म्हणून नाव ‘मूनलाइट स्कूल’. शिकवणाऱ्या त्याच, दिवसा मुलांना शिकवून रात्री त्यांच्या आजोबांना अक्षरं गिरवायला लावणाऱ्या.

कागदपत्रांत तिला कसं शोधावं

दर दहा वर्षांच्या जनगणनेचे घराघरांचे तक्ते आता खुले आहेत. नावं ७२ वर्षांनी उघड होतात. पण तारखा पाहा. १९०० ची गणना १ जूनची, १९१० ची १५ एप्रिलची, १९२० ची १ जानेवारीची, १९३० ची १ एप्रिलची. कापूसपट्ट्यात एप्रिल-जूनला शाळा बंद. म्हणजे १९०० आणि १९१० मध्ये ती माहेरी सापडेल, वडिलांच्या नावाखाली ‘मुलगी’ म्हणून. १९२० मध्ये सत्र चालू असल्याने ती शाळेच्या गावी, परक्या घरात ‘बोर्डर’ म्हणून सापडण्याची शक्यता जास्त. नवखे लोक एकाच गावात शोधतात आणि ती नव्हतीच असं ठरवून टाकतात.

१९०० च्या तक्त्यात किती महिने काम नव्हतं हा रकाना आहे, १९१० मध्ये मागच्या वर्षी किती आठवडे बेकार होती हा. त्यावरून सत्राच्या लांबीचा सुगावा लागतो. पुरावा म्हणून मात्र तो एकटा वापरू नका, गणना करणारे तो रकाना आपापल्या समजुतीने भरत. लग्नानंतर आडनाव बदलल्याने माग तुटतो, तेव्हा काउंटीची विवाहनोंद आधी काढा. १८९० चे तक्ते जवळजवळ सगळे गेले आहेत, त्यात वेळ घालवू नका.

पटाचा आकडा आणि सरासरी हजेरीचा आकडा वेगळे असतात. अहवालात साठ मुलं दिसली तरी नोव्हेंबरच्या वर्गात वीस असू शकतात. इंटरनेटवर फिरणारी ‘१९१५ सालच्या शिक्षिकांसाठीचे नियम’ ही यादी, ज्यात आइस्क्रीमच्या दुकानात रेंगाळू नये वगैरे आहे, तिचा मूळ कागद कुणी दाखवलेला नाही. ती वापरू नका. त्या काउंटीचा खरा करार शोधा, तो रूक्ष असला तरी.

छायाचित्रांचंही तसंच. सरकारी फार्म सिक्युरिटी विभागाची प्रसिद्ध छायाचित्रं १९३० च्या दशकातली आहेत, १९१० च्या शाळेला ती लावू नका. त्या आधीच्या काळासाठी बालमजुरीविरोधी समितीसाठी लुइस हाइन यांनी १९०८ पासून काढलेली पाहावीत. १९१६ साली केंटकीत त्यांनी शेतकामामुळे रिकामे पडलेले वर्ग टिपले आहेत. रोझेनवाल्ड शाळांची छायाचित्रं नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात आहेत आणि राज्य-काउंटीनुसार शोधता येतात. ती बहुतेक नव्या कोऱ्या इमारतीची आहेत, दारात कधी अंगण झाडायलाही माणूस नसतो. आधी इमारतीच्या नोंदीतला खर्चाचा तपशील वाचा, कुणी किती दिले ते वहीत उतरवून घ्या, आणि मग त्या खिडक्यांमागे आपली शिक्षिका बसवा.